गावातली एकुलती एक खुर्ची

दिगू कर्णिकला खैरोलीला मीच बोलावलं.

मला कोणी भरीस घातलं नव्हतं. एका दुपारी ऑफिसात डबा खाता खाता मी आपणहून म्हणालो, "दिगू, एकदा येऊन बघ तरी. माणसानं राहावं कसं ते कळेल तुला." तो आला, त्यानं बघितलं, आणि पावसाळ्याच्या आधी बिऱ्हाड घेऊनच आला. माणसानं राहावं कसं ते मग मलाच कळलं. आणि ते मला जमत नाही, हेही.

तोपर्यंत खैरोलीत मुंबईहून आलेला माणूस म्हणजे मी एकटा. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, मुंबईत रेशन चालू होतं, आणि गिरगावातल्या आमच्या खोलीत पाहुणा आला की मला जिन्यात झोपावं लागायचं. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशन, चार गल्ल्या आणि संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन हिंडणारे पेन्शनर. तिथून शिळफाट्याच्या अंगाला बांधाबांधानं चालत निघालं की भातखाचरांच्या मधोमध खैरोली लागायची. मागं अंगण असलेलं कौलारू घर स्वस्तात मिळालं, तेव्हा मी जग जिंकल्यासारखा गावात शिरलो. शिरताना माझ्या अंगावर खाकी अर्धी चड्डी होती, डोक्यावर सोला हॅट होती, खांद्यावर कल्याणच्या बाजारातून घेतलेलं कोरं फावडं होतं आणि खिशात जपानी पद्धतीच्या भातशेतीची सरकारी पुस्तिका. आमची सरला चार पावलं मागून चालत होती. तिला अंतर का राहतंय असं विचारलं, तर म्हणाली, "लोकांना वाटू दे, वेगवेगळे आलोय."

गावचे वडीलधारे म्हणजे जोमा म्हात्रे. वाळका, उंच म्हातारा, गळ्यात माळ, बोलणं कमी. मला बघताच ते ओट्यावरून उठले आणि आत हाक दिली, "साहेबांना खुर्ची आना रं."

आतून खुर्ची आली. लाकडी, पाठीला वेलबुट्टी कोरलेली, कल्याणच्या कोणा व्यापाऱ्यानं जोमांना लग्नात दिलेली. अख्ख्या गावात तेवढी एकच खुर्ची. मी बसलो. बाकीचे सगळे ओट्यावर उकिडवे बसले आणि माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मी पुस्तिका काढली आणि जपानी लोक दोरी धरून एका ओळीत रोपं कशी लावतात ते समजावून सांगितलं. जोमा दर वाक्याला म्हणत होते, "बरोबर बोलताव साहेब." मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी सरलाला म्हणालो, "फार आदर आहे लोकांना."

"बघा हं," ती म्हणाली, "आदर एकदा चिकटला की निघत नाही."

तिचं म्हणणं मला कळलं ते दिगू आल्यावर.

दिगू माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. जाडजूड, कानांच्या पाळ्या मोठ्या, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे सुतळी बांधलेली. सदऱ्याची बटणं एक घर खाली लावायची त्याला सवय होती. शेतीतलं त्याला इतकं कमी कळायचं, की भुईमुगाच्या शेंगा झाडाला लटकतात अशी त्याची समजूत होती आणि ती लपवावी असं त्याला कधी वाटलं नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. खळ्यावर झोडणी चाललेली असो, गावकीची बैठक भरलेली असो, नाहीतर बायकांचं पापड लाटणं असो, हा जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "यातलं मला काही कळत नाही, पण बसू का?"

पहिल्या दिवशी मी त्याला जोमांच्या ओट्यावर नेलं. मला त्याला खुर्ची दाखवायची होती. माझी, असं मी मनात म्हणत होतो.

"यो कोन आनलाव साहेब?" जोमांनी विचारलं आणि सवयीनं आत हाक दिली, "खुर्ची आना रं."

खुर्ची आली. दिगूनं तिच्याकडे बघितलं, वेलबुट्टीवरून हात फिरवला, "काय सुंदर आहे हो," म्हणाला, आणि ती उचलून माझ्या पायाशी ठेवली. "साठे, तू बस. मी इथं बसू का?" असं म्हणून तो जोमांच्या आणि त्यांच्या भावाच्या मधल्या अर्ध्या हाताच्या जागेत शिरायला लागला. त्या जागेत दिगूची मांडीसुद्धा मावली नसती. जोमा सरकले, भाऊ सरकला, ओट्याच्या टोकाला बसलेला एकजण खाली पडला, आणि सगळे हसले. त्या हसण्यात मी नव्हतो, कारण मी खुर्चीवर होतो.

माझ्या मत्सराची सुरुवात नेमकी तिथली. लोक पगारावरून जळतात, बायकोच्या दागिन्यांवरून जळतात. मी एका माणसावर जळलो ते त्याला ओट्यावर जागा करून दिली म्हणून.

आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यानं जोमांच्या खाचरात बेणणीला, म्हणजे गवत काढायला, मदत केली. तासभर मन लावून केली. जोमा बघायला आले तेव्हा दिगूच्या बाजूला भाताच्या रोपांचा ढीग पडला होता आणि खाचरात गवत डौलात उभं होतं.

"आवो दिगूदादा," जोमा म्हणाले, "त्यो भात हाय, भात."

"हा?" दिगूनं हातातली जुडी डोळ्यांजवळ नेली. "आणि मग हे राहिलंय ते?"

"ता गवत."

"पण जोमाकाका, हे जास्त चांगलं आलंय की."

कमी बोलणारे जोमा चिखलात मटकन बसले आणि पोट धरून हसले. मी बांधावर उभा होतो. नुकसान किती झालं, रोपं पुन्हा खोवता येतील का, यावर पुस्तिकेत काय म्हटलंय ते मी सांगायला लागलो. जोमांनी हसणं आवरलं, उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बरोबर बोलताव साहेब." मी आलो की लोकांचं हसू आवरायचं. शाळेच्या इन्स्पेक्टरचं असंच होत असावं.

मी स्वतःची समजूत घालायला एक कारण शोधून काढलं. दिगू मासे खायचा. गावातल्या चांगुणाबाईंच्या घरचं सुकट तो दारात उभा राहून ओंजळीनं खायचा, मी शाकाहारी, म्हणून फरक. हे मी सरलाला पटवून द्यायला गेलो. ती तांदळाची भाकरी थापत होती. ती कला ती एव्हाना चांगुणाबाईंकडूनच शिकली होती. म्हणाली, "जोमाकाका माळकरी आहेत. ते तरी कुठं खातात?" आणि भाकरी उलटली. तेवढं एक कारण होतं, तेही गेलं.

शिवाय त्याआधीचं ते चिखलाचं प्रकरण. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत बायका खाचरात ओळीनं वाकून रोपं लावत असतात आणि बांधावरून गावचा पुरुष चालला की त्याला गाठून चिखल फासतात. ज्याला चिखल लागला त्यानं संध्याकाळी बायांना गूळ द्यायचा. दिगूला पहिल्याच आठवड्यात असा माखला, की घरी त्याच्या बायकोनं त्याला आवाजावरून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्वच्छ धोतर नेसलो, छत्री घेतली, गुळाची ढेप पिशवीत टाकली, आणि त्याच बांधावरून निघालो. मला बघून चांगुणाबाई ताठ उभ्या राहिल्या. त्या बायकांच्या म्होरक्या, आवाज असा की समोरच्या गावातली माणसं ओ द्यायची. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब हायती. थांबा गो, जाऊ द्या त्यांना." सगळ्या बायका कंबर सरळ करून, डोक्यावरचा पदर सारखा करून, हातातलं रोप तसंच धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासमोरून पलटणीची पाहणी करावी तसा गेलो.

बांध संपला. मी काहीतरी विसरल्यासारखं करून माघारी वळलो. पुन्हा सगळ्या उभ्या.

"साहेब, काय हरवला काय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"छत्री," मी म्हणालो.

"हातान हाय ना तुमचे."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मी तिथंच लोळलो असतो. मी थँक्यू म्हणालो, चिखलाच्या बाजूनं चालायचा प्रयत्न केला, आणि धोतराला एक डाग न लागता घरी पोचलो. सरलानं पिशवीतली ढेप बघून विचारलं, "एवढा गूळ कशाला?" मी म्हटलं, "स्वस्त मिळाला." पुढं महिनाभर आमच्याकडे सगळं गोड होतं.

हे सगळं मी गिळलं असतं, पण शिमगा आला.

खैरोलीच्या शिमग्याची एक रीत होती. तिन्हीसांजेला होळी पेटली की जोमा तिच्यापाशी उभे राहायचे आणि वरच्या आळीपासून एकेका घरधन्याचं नाव घ्यायचे. नुसतं नाव नाही. वर्षभरात त्यानं जो काही मूर्खपणा केला असेल तो सगळ्या गावासमोर मोठ्यानं सांगायचे, एरवीचा अहोजाहोपणा सोडून, सरळ अरेतुरे करून. आणि मग सगळं गाव तोंडावर पालथी मूठ मारून त्याच्या नावानं बोंब ठोकायचं. कोणी बैल विकायला नेला आणि तोच बैल सजवलेला बघून पुन्हा विकत घेऊन आला. कोणी सासुरवाडीला गेला आणि चुकून शेजारच्या घरात जेवून आला. ज्याचं नाव घेतलं जायचं तो मान खाली घालून हसायचा, त्याची बायको पदरात हसायची. नाव घेतलं गेलं म्हणजे ते घर गावचं.

दिगूचं घर आलं. "दिग्या कर्निक," जोमा गरजले, "भात उपटलास नं गवत पोसलास रं." अशी बोंब झाली की होळीतल्या ठिणग्या उडाल्या. दिगूनं स्वतःही आपल्याच नावानं बोंब मारली आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

पुढचं घर माझं. मी मान आधीच खाली घातली होती. चेहऱ्यावर हसूसुद्धा आणून ठेवलं होतं.

गाव गप्प झालं. जोमांनी धोतराला हात पुसले, एक नारळ घेतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "साहेबांच्या हातान," ते म्हणाले. मी नारळ होळीत टाकला. मागून कोणीतरी खुर्ची आणून ठेवली.

परतताना मी दिगूला विचारलं, "तुला अपमान नाही वाटत?"

"कसला? मी केलंच होतं की ते." थोडं चालून तो म्हणाला, "तुझं बरंय साठे. तुझं नाव घ्यायची कोणाची छाती नाही." तो हे अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाला. त्याला थोडी जरी ऐट असती, तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. तेवढी सोयही त्यानं ठेवली नव्हती.

मी ठरवलं, पुढच्या शिमग्याला माझं नाव घेतलं गेलंच पाहिजे. त्यासाठी एक बरासा मूर्खपणा हवा होता. आधी मी जपानी शेतीवर भिस्त ठेवली. अंगणामागच्या तुकड्यात दोऱ्या बांधून रोपं लावली. हे फसणार याची सगळ्या गावाइतकीच मलाही खात्री होती. ते असं पिकलं की बाजूच्या गावांतली माणसं बघायला आली, आणि जोमा म्हणाले, "साहेब, फुडल्या वर्षाला आमाला बी दोरी दाखवा." आयुष्यात एकदा मला अपयश हवं होतं, तेही मला नीट जमलं नाही.

शेवटी माघ महिन्यात मी तळ्यात पडायचं ठरवलं. सकाळची वेळ निवडली, कारण तेव्हा बायका धुणी धूत असतात, पुरुष बैल धूत असतात, म्हणजे प्रेक्षक भरपूर. दिगू गुडघाभर पाण्यात उभा राहून जोमांची म्हैस धूत होता, म्हणजे म्हशीला आणि स्वतःला आलटून पालटून. मी पायऱ्यांपाशी गेलो. चपला काढून नीट जोडून ठेवल्या. मनगटावरचं घड्याळ काढून एका चपलेत ठेवलं, चष्मा दुसरीत, वर घडी केलेला रुमाल. मग माझा पाय घसरला.

पाणी थंडगार होतं. मी दोनदा "अरे अरे" म्हणालो, नाकात पाणी गेलं, आणि मला बाहेर काढलं गेलं. आता हसतील म्हणून मी वाट बघत होतो. कोणी हसलं नाही. जोमांनी खांद्यावरची घोंगडी माझ्या अंगावर घातली. चांगुणाबाईंनी हळद घातलेलं दूध पाठवलं. कोणीतरी धावत जाऊन खुर्ची आणली, आणि मी तळ्याच्या काठी त्या वेलबुट्टीच्या खुर्चीत थरथरत बसलो. दिगू म्हैस सोडून वर आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, पायरीवरच्या चपलांकडे बघितलं, रुमाल उचलून त्याखालचं घड्याळ बघितलं. आणि काही बोलला नाही. दिगू काही बोलला नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा बघत होतो. पुढच्या आठवड्यात गावकीनं तळ्याच्या पायऱ्या नव्यानं बांधून घेतल्या. साहेब पडले म्हणून.

त्याच सुमारास ऑफिसातून दिगूची नागपूरच्या शाखेत बदली झाली. गावाला ते कळलं तेव्हा गावकी बसली. जोमांचं म्हणणं, मोठ्या साहेबांना तांदळाची गोण नेऊन द्यावी आणि पाय धरावेत. दिगूनं सगळ्यांची समजूत घातली, मग स्वतःच रडला, मग चांगुणाबाईंनी आणलेलं सुकट खाल्लं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी उड्या मारत होतं. आता गावात मुंबईचा माणूस पुन्हा मी एकटाच राहणार होतो.

शिमगा आला. दिगूचं नाव घेतलं गेलं. म्हशीला साबण लावून स्वतः राखेनं अंघोळ केली, असा काहीतरी त्याचा मूर्खपणा होता. बोंब इतकी लांबली की म्हाताऱ्यांना धाप लागली. मग गाव गप्प झालं, आणि दोन्ही हातांनी धरलेला नारळ माझ्यापुढं आला. मी तो होळीत टाकला. नारळ फुटल्याचा आवाज झाला, तेवढीच काय ती माझ्या नावानं बोंब.

दिगू दुसऱ्या दिवशी, धुळवडीच्या सकाळी निघाला. बैलगाडीत ट्रंका, वळकट्या, त्याची बायको, आणि मागच्या बाजूला गावाकडे तोंड करून पाय लोंबकळत सोडून बसलेला दिगू. सदऱ्याचं बटण एक घर खाली, तोंडाला राख फासलेली, मांडीवर सुकटाचं पुडकं. गाडी डोंबिवलीच्या रस्त्याला लागायच्या जागी सगळं गाव गोळा झालं होतं. जो तो त्याच्या हाताला, पायाला, निदान गाडीच्या दांडीला तरी हात लावत होता. मी अंमळ बाजूला होतो, आणि साहेब किती वेळ उभे राहणार म्हणून माझ्यासाठी खुर्ची आणली होती. भर रस्त्यात, धुळवडीच्या राखेत, मी खुर्चीवर बसून माझ्या मित्राला निरोप देत होतो.

गाडी हलली. दिगू सगळ्यांना हात करत होता. मग त्याला मी दिसलो. त्यानं सुतळीचा चष्मा नाकावर सारखा केला आणि ओरडला, "साठे, एक सांगायचं राहिलं रे. तळ्यात चुकून पडायचं असेल ना, तर चपला काढून ठेवायच्या नसतात."

 मग चांगुणाबाईंच्या तोंडातून पाणी उकळल्यासारखा आवाज आला. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता. "आन घड्याल," त्या म्हणाल्या, "चपलेन घड्याल ठेवलेला, वर रुमाल," आणि त्या रस्त्यावर बसल्याच. मग बाकीच्या बायका, मग पुरुष. सगळ्यांनी बघितलं होतं. माघापासून अख्खं गाव ते हसू आदरानं पोटात धरून बसलं होतं. पायऱ्या बांधतानासुद्धा.

गाडी वळणाशी गेली. दिगू पोट धरून हसत होता, मांडीवरचं पुडकं रस्त्यावर सांडत होतं, आणि ते वेचायला तो इतका वाकला की गाडीतून पडता पडता वाचला. मग बाभळी मधे आल्या. त्याला मी बघितलं ते शेवटचं; नागपुराहून तो पुढं कलकत्त्याला गेला आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या घटकेलासुद्धा मी त्याच्यावर जळत होतो. जे मला दोन वर्षं जमलं नाही, ते तो जाता जाता, पाठमोऱ्या बैलांच्या गाडीतून, एका वाक्यात करून गेला होता.

जोमा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी राखेच्या हातानं पुसलं, त्यामुळे चेहरा आणखी काळा झाला. त्यांनी मला नीट न्याहाळलं, पालथी मूठ तोंडाशी नेली, आणि बोंब मारायच्या आधी म्हणाले,

"ऊठ रं साठ्या त्या खुर्चीवरशी. तुला धड पडाला पन येत नाय."